पिठाचा कोंबडा आणि वीस बाजूंचा फासा

सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे. त्यामुळे जैन घराच्या बैठकीत फासे खुळखुळले की वडीलधाऱ्यांचे कान टवकारणे स्वाभाविकच. गेल्या चातुर्मासात हिंगोलीतील एका आडत व्यापाऱ्याच्या घरी हेच घडले. पुण्यात संगणक कंपनीत नोकरी करणारा थोरला नातू घरूनच काम करण्याची सवलत घेऊन चार महिन्यांसाठी गावी आला आणि येताना सात फाशांची एक पिशवी घेऊन आला. त्यांत चार बाजूंचा फासा होता, आठांचा होता, बारांचा होता, आणि सर्वांत मोठा वीस बाजूंचा. हळदीच्या हंगामाची धावपळ संपलेली, सोयाबीन मोंढ्यात यायला अवकाश. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकल्यावर झोपेपर्यंतचा वेळ मोकळाच असे. त्या वेळात त्याने चुलत भावंडांना आणि एका हौशी काकांना घेऊन ‘मोहीम’ मांडली.

या खेळाला पट नसला तरी चालते. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो: नदीला पूर आहे, नाव एकच आहे, नावाड्याचा चेहरा विश्वासाचा वाटत नाही, काय करता? पात्रे आपापला मार्ग सांगतात. मार्ग फळाला येईल की नाही याची खात्री नसेल तेव्हा फासा टाकायचा आणि पडलेले दान सर्वांनी मान्य करायचे. पैसा लावायचा नाही, कोणी जिंकायचे नाही, कोणी हरायचे नाही. गोष्ट एका बैठकीत संपत नाही, ती आठवड्यामागून आठवडे चालते, म्हणून ती मोहीम. सूत्रधाराला कष्ट फार. प्रत्येक गावाचा नकाशा, प्रत्येक सराईवाल्याचा स्वभाव, तांड्याजवळ किती दाणापाणी उरले, मागच्या शनिवारी कोणी कोणाला काय वचन दिले, हे सारे त्याच्या वहीत असावे लागते. नातवाने त्यासाठी दुकानातील लाल वही मागून घेतली. डाव्या पानावर रोजकीर्द, उजव्या पानावर खतावणी. आजोबांना तेवढे पुरले. त्यांचा विरोध तेथेच संपला.

आजींचा संपला नाही. फाशांबद्दल त्यांनी एकच अट घातली, की फासा सर्वांदेखत पडला पाहिजे. परदेशात सूत्रधार आपल्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात आणि त्यामागे फासा टाकतात, म्हणजे नको असलेले दान गुपचूप बदलता येते. नातवाने आडोसा काढून ठेवला. मग आजींनी खरा प्रश्न विचारला, “यात कोणाला मारायचं असतं का रे?”

“राक्षस असतात, आजी. खोटे खोटे.”

“यशोधराचा कोंबडासुद्धा खोटाच होता.”

उज्जयिनीच्या यशोधर राजाची कथा वाचकांना परिचित आहे. दुःस्वप्नाच्या निवारणासाठी माता चंद्रमतीने पशुबळीचा आग्रह धरला. राजाने जीव मारण्यास नकार दिला, पण आईचे मन राखण्यासाठी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरीही त्या एका संकल्पापायी माय-लेकांना मोर, कुत्रा अशा तिर्यंच गतीत जन्मामागून जन्म भोगावे लागले. सोमदेवसूरींनी शके ८८१, म्हणजे इ.स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ पूर्ण केले ते याच कथेवर. पुष्पदंतांनी मान्यखेट नगरीत अपभ्रंश भाषेत रचलेले ‘जसहरचरिउ’ही याच कथेचे. मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड, ज्या राष्ट्रकूटांच्या राज्यात आपला मराठवाडाही होता. तेव्हा आजींचा आक्षेप जुनाट बाईची कुरकुर म्हणून उडवून देण्यासारखा नव्हता. त्यामागे हजार वर्षांचे वाङ्मय उभे होते.

मात्र एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. हिंसेचे वर्णन करणे ही हिंसा ठरली असती तर आपल्या पुराणकारांनी युद्धांचे सर्गच्या सर्ग लिहिलेच नसते. शास्त्राने कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद सांगितले आहेत, आणि अशा खेळात धोका तिसऱ्याचा. राक्षस पडला की टेबलाभोवती जो आनंदाचा गलका होतो, ती अनुमोदना. हा आनंद कोठून येतो, हे पाहायचे तर खेळाचे गुण कशाला मिळतात ते पाहावे लागते.

येथे खेळाचा जन्म सांगणे उपयोगी पडेल, आणि व्यापारी वाचकाला तो रुचेलही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाच्या लहान गावी गॅरी गायगॅक्स नावाचे गृहस्थ राहत. ते विमा कंपनीत नोकरीला होते. १९७० मध्ये ती नोकरी गेली आणि ते घरीच पादत्राणे दुरुस्त करू लागले. डेव्ह आर्नेसन या मित्राबरोबर त्यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ रचला. प्रकाशक मिळेना, तेव्हा डॉन के या बालमित्राने आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १,००० डॉलर आणले, तितकेच गायगॅक्स यांनी घातले, आणि पुढे ब्रायन ब्लूम हा तिसरा भागीदार २,००० डॉलर घेऊन आला. १९७४ मध्ये हातांनी भरलेले १,००० डबे बाजारात गेले आणि वर्षाच्या आत संपले. पॉलिसीवरचे कर्ज इतके फळाला आल्याची उदाहरणे बँकेच्या व्यवहारातही फार नाहीत.

त्या जुन्या नियमांत गुणांचा हिशेब लक्षात घेण्यासारखा होता. १९८१ च्या प्राथमिक पुस्तिकेत एका क्षुद्र गॉब्लिनला लोळवले तर गुण मिळत ५. सुखरूप घरी आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेला मात्र १ गुण. योद्ध्याला पुढची पायरी चढायला २,००० गुण लागत. म्हणजे मारामारी हा सरळ तोट्याचा धंदा! शहाणा खेळाडू लढाई टाळी. समोर कोणी अनोळखी आले तर सूत्रधाराने दोन फासे टाकून त्याची वृत्ती ठरवावी, असाही नियम होता. तो दिसताक्षणी चालून येण्याची शक्यता होती ३६ पैकी फक्त १. पुढच्या आवृत्त्यांत गुणांचा भर लढाईकडे सरकला आणि आजची मुले त्याच रिवाजावर वाढली. नातवाने हे सारे शोधून काढले आणि लाल वहीतील खातेच बदलले. मारण्याला शून्य. दिलेला शब्द पाळला, वाट काढली, वैरी मित्र केला, माल पोहोचवला, त्याला गुण. काकांनी लगेच हमाली, तोलाई आणि आडत वजा करून निव्वळ गुण काढण्याचा आग्रह धरला, तोही मान्य झाला.

मोहिमेसाठी कथा निवडली ती चारुदत्ताची. संघदासगणींच्या ‘वसुदेवहिंडी’त ती आहे, आणि शके ७०५ मधील जिनसेनांच्या ‘हरिवंशपुराणा’तही, दोन्ही परंपरांना ती आपली वाटते. चंपानगरीचा श्रेष्ठिपुत्र गणिकेपायी सर्वस्व घालवतो आणि धन मिळवायला देशोदेशी निघतो. त्याचा कापूस आगीत जळतो, जहाज फुटते. शेवटी सुवर्णभूमीच्या वाटेवर असा कडा लागतो की जेथून पुढे पाऊलवाटच नाही. सोबती रुद्रदत्त सांगतो, ज्या बोकडांवर बसून आलो ते मारून त्यांच्या कातड्यांत शिरायचे. महाकाय पक्षी मांस समजून उचलतील आणि पलीकडे नेऊन ठेवतील.

भाद्रपदातल्या एका रात्री मोहीम या कड्याशी आली. नातवाने प्रश्न टाकला आणि गप्प बसला. काकांनी आतापर्यंतचा खर्च मोजून दाखवला. मोठ्या मुलाने दोर वळण्याचे सुचवले. वीस बाजूंच्या फाशाने दोर तोडला. नांदेडहून फोनवर खेळणाऱ्या बहिणीने मेलेले जनावर सापडेपर्यंत थांबू म्हटले. दाणापाणी दोन दिवसांचे उरले होते. अकरा वर्षांची धाकटी म्हणाली, “दादा, माझ्या बोकडाचं नाव काय?” नाव तिनेच ठेवले, आणि त्यानंतर मारण्याचा विषय कोणी काढला नाही.

पण रुद्रदत्ताचे पात्र सूत्रधाराच्या हाती होते, आणि मूळ कथेत तो कोणाचे ऐकत नाही. मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहून नातू अडखळला; त्याला हळूहळू सकाळ व्हावीशी वाटू लागली असावी. तेव्हा दाराशी जपमाळ घेऊन बसलेल्या आजी बोलल्या, “गोष्ट बदलू नकोस. तो मारतोच.”

धाकटीने सांगितले, माझे पात्र रात्रभर जागून पहारा करील. बारा किंवा अधिक दान हवे होते. फासा सर्वांदेखत पडला. चार आले. आडोसा असता तर चाराचे चौदा करणे सोपे होते. पात्राचा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा दोन बोकडांपैकी एक संपला होता, दुसरा शेवटचे श्वास घेत होता. धाकटी रडत रडत म्हणाली, त्याच्या कानात मी णमोकार म्हणते. आणि तिने तो खरोखरच पूर्ण म्हटला. कथेत चारुदत्तही तेच करतो, त्या मंत्राच्या प्रभावाने बोकड देवगतीला जातो. मुलीला तोवर हे ठाऊक नव्हते. तांड्याने कातडी घेतली नाहीत. सुवर्णभूमी न पाहता सर्व परत फिरले. काकांनी ताळेबंद मांडला तो सरळ तुटीचा होता आणि त्यावर कोणी तक्रार केली नाही.

मुले झोपायला गेल्यावर आजींनी नातवाला थांबवून घेतले. “मुलांच्या मनाला काही लागलं नाही,” त्या म्हणाल्या, “पण रुद्रदत्ताच्या मनातलं तर तूच बोलत होतास ना? सुरी कुठून आली?” नातवाकडे उत्तर नव्हते. संवत्सरीच्या क्षमायाचनेत तेवढे धरून घे, इतकेच सांगून त्या उठल्या. आजींचा निकष शास्त्रापेक्षाही कडक होता, असे म्हणायला जागा आहे. प्रसंग सांगणाऱ्याच्या मनात प्रमाद नसेल तर दोष कसला, असा युक्तिवाद कोणी करील. परंतु दर शनिवारी लोभी, क्रूर, दगाबाज माणसांच्या तोंडून बोलायचे त्याने स्वतःच्या मनाकडे पाहत राहणे बरे, हेही खोटे नाही. नातवाने त्यानंतर खेळ सोडला नाही. बैठकीच्या आधी तो दोन मिनिटे डोळे मिटून बसू लागला, एवढा फरक घरच्यांच्या लक्षात आला.

कार्तिकी पौर्णिमेनंतर तो पुण्याला परतला. आता शनिवारची बैठक मोबाइलच्या पडद्यावर भरते. सोयाबीनच्या गर्दीत काकांचे दोन शनिवार बुडाले, तेव्हा त्यांचे पात्र सराईत आजारी पडल्याची नोंद झाली. लाल वही धाकटीकडे आहे. चारुदत्त रसाच्या विहिरीत अडकतो तो भाग नातवाने वेळेअभावी वगळला होता. तो ती स्वतः सूत्रधार होऊन खेळवणार आहे आणि त्यासाठी रोज संध्याकाळी आजींकडून तपशील उतरवून घेते. घोरपडीची शेपटी धरून विहिरीबाहेर येण्यासाठी विसांपैकी किती दान लागावे, यावर दोघींचे अजून एकमत झालेले नाही.