चिकाची वाटी

चैत्र लागला की आमच्या साताऱ्याच्या घराचा वासच बदलायचा. परसातला कडुनिंब बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जायचा आणि रात्री त्याचा गोडसर गंध माजघरापर्यंत पोचायचा. त्याच सुमाराला स्वयंपाकघरातून दुसरा वास सुटायचा. आंबूस, जडसा, भिजत घातलेल्या गव्हाचा. एक वास वसंताचा आणि एक कुरडयांचा, पण माझ्या नाकाला त्यांची ताटातूट आजही जमत नाही.

गहू तीन दिवस भिजायचे. आई रोज पाणी बदलायची आणि एखादा दाणा दोन बोटांत चेपून बघायची. दाण्यातून दूध सुटलं की तिच्या कपाळावरची आठी जायची. मग वाटणं, पिळणं, गाळणं. गाळलेला चीक रात्रभर पातेल्यात ठेवायचा आणि त्या पातेल्याला कुणी धक्का लावायचा नाही. सकाळपर्यंत पाणी वर आणि चीक तळाशी. वरची निवळ ओतून देताना आईचे हात इतके हलके होत, की झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून ती हात काढून घेते आहे असं वाटे. खाली उरायचा तो चीक दुधासारखा शुभ्र असायचा.

ऊन पुरतं मिळावं म्हणून शिजवायचं काम पहाटेच. मीठ-हिंगाच्या उकळत्या पाण्यात शेजारच्या काकू चिकाची धार धरायच्या आणि आई दोन्ही हातांनी उलथनं फिरवायची. गुठळी होऊ द्यायची नाही, तळाला लागू द्यायचं नाही. दोघी एरवी तासन्‌तास बोलत, पण या वेळी एक अक्षर नाही. हळूहळू पांढरा रंग विरून चिकाला काचेसारखी झाक यायची, झाकण ठेवून वाफ काढली जायची, आणि मग आई हाक मारायची, "उठा रे, चीक झाला."

आम्ही न धुतलेल्या तोंडांनी धावत सुटायचो. तोंड धुऊन आल्याशिवाय वाटी मिळत नसे. काकांना चिकावर कच्च्या शेंगतेलाची धार लागे, आम्हा मुलांना दूध आणि साखर. वाटीत बोट घातलं तर पोळायचं, आणि थांबलं तर चीक घट्ट होऊन जायचा. "आधी खा, मग बोला," आई म्हणायची, "चीक कुणासाठी थांबत नाही." तिलाही थांबता येत नसे. गरम आहे तोवर सोऱ्यात भरून सगळा चीक गच्चीवरच्या कापडावर गेला पाहिजे. ओळीनं, गोल गोल, पांढऱ्या ओल्या कुरडया. उजाडेपर्यंत अर्धी गच्ची भरून जायची.

दिवसभर आमची कावळ्यांपासून राखण. ऊन यवतेश्वराच्या डोंगराकडे कलेपर्यंत काठी घेऊन सावलीत बसायचं. दुपारी जेवायला आत हाक यायची, तेव्हा पानात अगदी साधं असायचं. भात, कैरीच्या दोन फोडी घातलेली आमटी, कांदा-कैरीची चटणी आणि माठाशेजारी ठेवलेलं गार ताक. वर्षाची बेगमी करताना आजच्या जेवणाला वेळ तो किती मिळणार? पण त्या आमटीतली कैरीची फोड चोखताना डोळे आपोआप मिटायचे. कोय अजून कोवळी, सुरीनं सहज कापली जाणारी. अशी कैरी दोन-तीन आठवडेच मिळते.

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत घरोघरी गौर बसलेली असे. संध्याकाळी कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटायची, त्यात किसलेली कैरी, मीठ, चिमूटभर साखर, वरून मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या मिरच्यांची फोडणी. शिजवणं म्हणून नाहीच. सोबत पन्हं, आणि ओटीत भिजवलेले हरभरे. डाळ तिथंच, बसल्या जागी खायची. रात्रभर ठेवली तर सकाळी ती आंबलेली.

चैत्रातलं आमचं घर दोन हिशेबांनी चालायचं, हे मला फार उशिरा उमगलं. एक हिशेब वर्षाचा : वाळवायचं, डब्यात भरायचं, श्रावणातल्या पावसात आणि पाहुण्यांच्या पानात काढायचं. दुसरा हिशेब आजचा : चीक, आंब्याची डाळ, कोवळी कैरी. आई पहिल्यासाठी राबायची. पण मला तिचा चेहरा आठवतो तो दुसऱ्यातला. शेवटचा सोऱ्या घालून झाल्यावर पातेल्याला लागलेली खरवड ती काढायची, गच्चीच्या कठड्याला टेकायची आणि कोवळ्या उन्हात बोटानं ती खरवड खायची. सगळ्या दिवसात तेवढा वेळ तिचा एकटीचा होता.

आता मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. कुरडया विकत मिळतात, चांगल्या मिळतात, तळल्या की फुलतात. चीक मात्र मला कुठल्या दुकानात दिसला नाही. म्हणून दर चैत्रात मी एक वाटी गहू भिजत घालते. तीन दिवस पाणी बदलते, दाणा चेपून बघते. मिक्सरवर वाटलं तरी निवळ ओतताना हात आपोआप हलका होतो.

यंदा चीक शिजत असताना आईचा फोन आला. आता तिच्यानं गच्ची चढवत नाही. वाळवण बंद होऊन चार वर्षं झाली. "काय करतेस?" तिनं विचारलं. मी सांगितलं.

"एका वाटीच्या कुरडया किती होणार गं?"

"एकही नाही. नुसता खायला केलाय."

पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, एवढ्या खटाटोपाला ती नावं ठेवणार. मी वाटीत चीक वाढून घेतला, वर तेलाची धार सोडली. चमचा वाटीला लागल्याचा आवाज तिला ऐकू गेला असावा.

"मग ठेव फोन," आई म्हणाली. "आधी खा."