शॉकअपवर आळ

गणपतीचं विसर्जन झालं की शिरवण्याच्या एमआयडीसीत आमचा सीझन सुरू होतो, तो थेट दिवाळीपर्यंत. पाच माणसं, भरलेली डिकी, टपावर कॅरिअर आणि बारा-पंधरा वर्षं चाललेली गाडी घेऊन लोक पेण, वडखळ, माणगाव करत गावी जाऊन आलेले असतात. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं. तेव्हापासून त्या रस्त्याने आमच्या धंद्याला जो हातभार लावलाय, तो कोकणात जाणाऱ्याला वेगळा सांगायला नको. परतलेल्या गाडीची तक्रारही ठरलेली असते. "मिस्त्री, खालून खडखड येतेय. शॉकअप गेलेत, बदलून टाका."

निदान गिऱ्हाईकच करून आणतं, आणि बरेच गॅरेजवाले ते मान्य करून टाकतात. जोडीचं बिल होतं, गिऱ्हाईक खूश, आणि आठवड्याने तीच खडखड परत. माझं म्हणणं एवढंच आहे की शॉकअप थकला तर गाडी डुलते, ब्रेक लावल्यावर नाक खाली घालते, खड्ड्यातून निघाल्यावर दोन-तीन हेलकावे खाते. खडखड करणं हे सहसा त्याचं काम नाही. आवाज यायला दोन वस्तूंमध्ये फट लागते. ती फट असते लिंक रॉडमध्ये, बॉल जॉइंटमध्ये, बुशमध्ये किंवा शॉकअपच्या डोक्यावरच्या माउंटिंगमध्ये.

आळ त्याच्यावरच का येतो, हेही समजण्यासारखं आहे. पद्मिनीच्या पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असत. 1983 साली मारुती 800 आली आणि वरचा आर्म गेला. शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र करून चाकाचा उभा खांबच त्यातून तयार केला. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना. इंग्लंडमधल्या फोर्डच्या गाड्यांत ती 1950 च्या सुमारास आली होती. जागा कमी लागते, पार्ट कमी लागतात, म्हणून आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन हेच आहे. पण या खांबाचं वरचं टोक बॉडीला, जवळजवळ डॅशबोर्डच्या पुढ्यातच बसवलेलं असतं. खाली कुठेही टकटक झाली की ती खांबावरून चढून कानापर्यंत येते आणि माणूस म्हणतो, शॉकअप.

म्हणून मी आधी दोनच प्रश्न विचारतो. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवरून जातात तेव्हा आवाज येतो का? आणि एकच चाक खड्ड्यात गेलं की येतो का? ब्रेकरवर गाडी गप्प आणि उखडलेल्या रस्त्यावर खडखड, तर पहिला संशय लिंक रॉडवर. त्याला जोडलेला अँटीरोल बार एक चाक दुसऱ्यापेक्षा वर-खाली झालं तरच ताण घेतो. दोन्ही एकत्र उचलली गेली तर त्याला कामच नसतं. खात्री करायची तर दोन्ही बाजूंचे लिंक सोडून गाडी वळणावर न फेकता सावकाश एक फेरी मारायची. आवाज गेला, तर चोर सापडला. हा पार्ट शॉकअपच्या मानाने अगदीच स्वस्त असतो, हे मुद्दाम सांगायला हवं.

मग टेस्ट ड्राइव्ह, आणि शेजारी मालक हवाच. आमच्या भागाची एक सोय आहे: सगळ्या प्रकारचे रस्ते हाकेच्या अंतरावर. एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यांवर, कंटेनरच्या चाकांनी केलेल्या खड्ड्यांत, ढिला पार्ट बोलतो. सायन-पनवेलच्या काँक्रीटवर ऐंशीच्या आसपास चाकाचं बॅलन्सिंग कळतं: स्टेअरिंग थरथरलं तर बहुधा पुढची चाकं, सीट थरथरली तर मागची, फक्त ब्रेक लावल्यावर थरथरलं तर डिस्क. पाम बीचच्या गुळगुळीत डांबरावर गाडी खेचते का ते बघायचं. यात एक गंमत आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे स्टेअरिंग सोडलं की चांगली गाडीही हळूहळू डावीकडे जाते. तो दोष नव्हे. खरंच खेचत असेल तर पुढचे टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघा. खेचण्याची दिशा बदलली तर दोष टायरमध्ये. सस्पेन्शनला हात लावायची गरज नाही.

टायरबद्दल आणखी थोडं. गाडी रॅम्पवर चढण्याआधी मी टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवतो. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडलाय. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकअप खरोखरच थकलेत. अशा वेळी मी स्वतःच ते बदलायला सांगतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचा टायर नक्षी शाबूत असूनही दगडासारखा कडक झालेला असतो आणि मालक म्हणतो, नवाच आहे.

चाक अधांतरी असताना वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर पोराला ब्रेक दाबून धरायला सांगतो. हलणं थांबलं तर बेअरिंग, न थांबलं तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉड किंवा रॅक. जुना रॅक मधोमध झिजतो, कारण गाडी सर्वांत जास्त सरळच चालते. मधली ढिलाई काढायला तो आवळला की पूर्ण वळणावर स्टेअरिंग अडकतं. असा आवळलेला रॅक हातात आला की मला राग येतो.

मागच्या वर्षी दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली एक हॅचबॅक आली. ब्रेक लावला की डावीकडे झुकायची आणि रिव्हर्समध्ये ब्रेकवर "टक" व्हायची. दुसरीकडे शॉकअपची जोडी बदलून झाली होती, अलाइनमेंटही झालं होतं, आणि मशीनच्या कागदावर सगळे आकडे हिरवे होते. मालक तो कागद दाखवून विचारत होते, "मग गाडी वाकडी कशी जाते?" कागद खरा होता. पण अलाइनमेंट उभ्या गाडीचं मोजतात. या गाडीच्या डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशचं रबर आतल्या नळीपासून सुटलं होतं. उभी असताना चाक जागेवर, ब्रेक लावला की मागे सरकायचं आणि सरकताना स्वतःच वळायचं. टॉमी घालून रेटल्यावर ते मालकांनाही दिसलं. रबरावर नुसत्या भेगा असणं वेगळं. भेगा वयाने पडतातच. रबर लोखंडापासून सुटलं की बुश संपला.

बुश बसवण्यातही एक गोम आहे आणि इथे घाई फार होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळलेली, तशाच स्थितीत आर्मचे बोल्ट पूर्ण आवळतात. गाडी खाली आली की आर्म वर उचलला जातो, आणि आवळलेल्या नळीभोवतीचं रबर पिळलेल्या पंचासारखं कायमचं पिळून राहतं. असा बुश काही महिन्यांत फाटतो, आणि दोष जातो पार्टच्या कंपनीला. बोल्ट हातापुरता लावायचा, गाडी चाकांवर उभी करून दोन-चारदा दाबायची आणि त्याच उंचीवर शेवटचा आवळा द्यायचा. अलाइनमेंट त्यानंतर, सगळ्यात शेवटी.

त्या हॅचबॅकचं झुकणं थांबलं. चार दिवसांनी फोन आला, "आता घूं घूं आवाज येतो." तो टायरचा होता. आतली कड आधीच खाल्लेली होती, पण टकटकीपुढे तो आवाज ऐकूच येत नव्हता. जुन्या गाडीत सहसा एकच पार्ट गेलेला नसतो. चार-पाच पार्ट थोडेथोडे झिजलेले असतात आणि सगळ्यात मोठा आवाज करणारा बाकीच्यांना झाकतो. म्हणून मी काम हातात घेण्यापूर्वीच सांगतो की एक आवाज काढल्यावर दुसरा ऐकू येईल, तो मी केलेला नसेल.

15 वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून 5 वर्षांसाठी वाढवून मिळते, आणि हल्ली लोक ती वाढवून घेतात. नव्या गाडीच्या किमती बघता मला त्यात चूक वाटत नाही. बुश, लिंक, बॉल जॉइंट, शॉकअप हे सगळे बदलायचेच पार्ट आहेत. पण इथली हवा खाडीची आहे. बोल्ट बुशच्या नळीतच गंजून बसतो आणि कापून काढावा लागतो, तिथपर्यंत ठीक. आर्म जिथे बोल्टने बसतो त्या चौकटीवर मी हातोडीने हलकेच ठोकतो. खणखणीत वाजलं तर काम घेतो. बदबद आवाज करून पापुद्रे गळायला लागले तर मालकांना खाली बोलावतो, टॉर्च त्यांच्याच हातात देतो आणि नव्या आर्मची ऑर्डर रद्द करतो.