बेळगोळ



परवा जेवताना धाकट्याने विचारलं, "आई, श्रवणबेळगोळ म्हणजे श्रावणात जायचं गाव का गं?" थोरली म्हणाली, "नाही रे, श्रावणबाळाचं गाव ते!" मी हसले खरी, पण मनात चपापले. सासूबाईंनी सांगेपर्यंत मलाही याहून जास्त काही ठाऊक नव्हतं.

सासूबाईंचं माहेर चिकोडीकडचं. बोलायच्या मराठी, पण हिशेब आणि जप कानडीत. त्या 'श्रवणबेळगोळ' कधीच म्हणाल्या नाहीत. "एकदा बेळगोळला जाऊन यायचंय," एवढंच. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला गर्दीच्या धास्तीने गेलो नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतल्या दोन-तीन घरांनी मिळून गाडी केली. निघताना शेजारणीने विचारलं, "कुठं चाललाय?" सासूबाई म्हणाल्या, "बेळगोळला." "बेळगावला? कुणाचं लग्न आहे का?" सगळे हसले. मी पटकन म्हणाले, "आई, पूर्ण नाव घ्या बघू. श्रवणबेळगोळ! अर्धवट बोललं की लोकांना काही कळत नाही." त्या गप्प बसल्या. मला वाटलं, चूक सुधारली.

विंध्यगिरीला सहाशेच्या वर पायऱ्या, त्याही अनवाणी चढायच्या. सासूबाईंचे गुडघे गेलेले. डोलीला त्यांनी साफ नकार दिला. "माझं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर नको गं. तुम्ही जाऊन या. मी इथं तळ्याकाठी बसते." गावाच्या मधोमध, दोन डोंगरांमध्ये ते तळं आहे. आता त्याला कल्याणी म्हणतात.

वर गेलो. ५७ फुटांचे बाहुबली समोर आले आणि बोलणंच बंद झालं. चावुंडरायांनी इ.स. ९८१ च्या सुमारास ही मूर्ती घडवून घेतली. तसं सांगणारा मराठी लेख पायाशी कोरलेला आहे. शाळेत वाचलेली ती अक्षरं प्रत्यक्ष पाहून अंगावर काटा आला. तरी मन खाली तळ्याशी होतं. इतक्या लांब येऊन आईंना दर्शन नाही, याची चुटपुट लागली होती.

खाली आल्यावर तसं म्हणालेही. त्या हसल्या. "अगं, नावातलं गाव तर इथंच आहे की! बिळी म्हणजे पांढरं, कोळ म्हणजे तळं. बिळी कोळ, बेळगोळ." धाकटा तेव्हा लहान होता. त्याला चिंचेचा कोळ आठवला. "पांढरा कोळ कसा असेल, आजी?" आजीला हसू आवरेना.

मग त्यांनी गुळ्ळकायज्जीची गोष्ट सांगितली. चावुंडरायांनी घागरीच्या घागरी दूध ओतलं, पण अभिषेक मूर्तीच्या पायांपर्यंत पोचेना. मनात अभिमान शिरला होता ना! तेव्हा एक म्हातारी पोकळ फळाच्या वाटीत जेमतेम पसाभर दूध घेऊन आली. तिच्या दुधाने सगळी मूर्ती न्हाली, ओघळ डोंगरावरून खाली आले आणि तळं पांढरं झालं. त्या आजीची मूर्ती मी नुकतीच वर पाहून आले होते. बाहुबलींच्या समोरच, हातात ते फळ धरून उभी आहे.

घरी आल्यावर मी थोडं वाचलं. सासूबाईंचा शब्दार्थ बरोबर होता. जुन्या शिलालेखांत या गावाला श्वेतसरोवर, धवलसरोवर अशीही नावं आहेत. जवळपास हळेबेळगोळ आणि कोडीबेळगोळ आहेत. त्यांच्यापासून वेगळं ओळखू यावं म्हणून याच्यामागे 'श्रवण' लागलं, आणि हे 'श्रवण' म्हणजे श्रमण. श्रावण महिन्याशी किंवा ऐकण्याशी त्याचा संबंध नाही. समोरच्या चंद्रगिरीवर मूर्ती घडण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून मुनी आणि आर्यिका येत होत्या. कितीजणांनी तिथे सल्लेखना घेतली, ते शिलालेखच सांगतात. गावचे लोक आजही डोंगरांना साधं 'चिक्क बेट्ट' आणि 'दोड्ड बेट्ट' म्हणतात. धाकटा डोंगर आणि थोरला डोंगर!

म्हणजे बघा, एवढी मोठी मूर्ती, पण गावाच्या नावात ती नाही. घडवून घेणाराही नाही. नावात आहे ते पाणी आणि सगळं सोडून तिथे आलेले श्रमण.

आणि मी मात्र सासूबाईंना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "अर्धवट बोलू नका." त्यांच्या तोंडी तर मूळ नाव होतं, अर्थासकट. मी पाठ केलेलं लांबलचक नाव मिरवत होते. त्यांची माफी मागायची मनात होतं. रोजच्या धबडग्यात राहून गेली. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. त्या वर्षीच्या क्षमावाणीलाही मी 'सर्वांना' क्षमा मागितली होती, पण ही एक गोष्ट नाव घेऊन मागितली नव्हती.

परवा मुलांना सगळं सांगितलं. धाकट्याला चिंचेचा कोळ अजून आठवतोय! आता सकाळी पाणी गाळताना त्यांचंच फडकं हातात असतं. पांढऱ्या फडक्यातून पाणी खाली उतरतं आणि मनात येतं, बिळी कोळ.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली वडीलधारी माणसं एखाद्या तीर्थाचं नाव वेगळंच घेत असतील, तर सुधारायच्या आधी एकदा विचारा, "आई, याचा अर्थ काय हो?"