जाऊबाईंचा समुद्र



आपल्या परभणीकरांचं पाणी म्हणजे गंगाखेडची गोदावरी, नाहीतर पूर्णेवरचं येलदरी धरण. मुंबईचा समुद्र रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर. त्यामुळे समुद्र आपल्याला भेटतो तो शास्त्रात. जंबूद्वीपाला वेढणारा दोन लाख योजनांचा लवणसमुद्र, दहा कोडाकोडी पल्योपमांचा एक सागरोपम, हे आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी ते पासष्ट वर्षं ऐकलं. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, आणि समुद्र एकदाही पाहिलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी तपोवन एक्स्प्रेसने माझ्या लेकीकडे डोंबिवलीला गेलो. तिसऱ्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "अगं, इथून समुद्र किती लांब?" इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. शिखरजी झालं, श्रवणबेळगोळ झालं, पण ती यात्रा. नुसतं काही पाहायला म्हणून त्या कधी घराबाहेर पडल्या नव्हत्या.

मुंबईला समुद्र आहे म्हणजे डोंबिवलीला आहे असं नाही! कुठल्याही किनाऱ्यावर जायला तास-दीड तास तरी हवाच. मी बी.कॉम. झालेली बाई, वही काढली आणि जमा-खर्चासारखे दोन रकाने आखले.

अलिबाग सुंदर, पण गेटवेवरून लाँचने मांडवा, तिथून पुन्हा बस. एका दिवसात या गुडघ्यांना झेपणारं नाही. केळव्याला सुरूची बनं आहेत, शांतता आहे. पण दिवा-वसई मार्गावर गाड्या मोजक्या, वसईला गाडी बदला, केळवे रोडला उतरून पुन्हा रिक्षा. गोराईला जाताना खाडी ओलांडायची, होडीत चढा-उतरायचं. अक्सा मी लगेच खोडलं. तिथे बुडण्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडतात आणि आमच्याबरोबर सहा वर्षांची नात होती. जुहूला दादरला गाडी बदलायची, म्हणजे पूल चढायचा.

राहिली गिरगाव चौपाटी. पाणी पोहण्याजोगं स्वच्छ नाही, हे खर्चाच्या रकान्यात. पण आम्हाला पोहायचं कुठे होतं? पाण्यातल्या जलकायिक जीवांचा विचार करणाऱ्या आम्ही! जमेची बाजू मोठी होती. सीएसएमटी हे शेवटचं स्थानक, तिथे फलाटावरून जिना न चढता सरळ बाहेर पडता येतं, आणि पुढे टॅक्सी. चर्नी रोड स्टेशन चौपाटीला लागूनच आहे, पण तिथे पायऱ्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जवळचं स्टेशन नव्हे, कमी पायऱ्यांचं स्टेशन निवडावं.

मग दिवस. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, इतर दिवशी ऑफिसची गर्दी, म्हणून सुट्टीचा शनिवार. भरती-ओहोटीचं गणित तर आपल्या पंचांगातच आहे. कोकणात पूर्वीपासून करतात तसं तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची साधारण वेळ निघते. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती साडेचारला आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सव्वादहा-साडेदहाला. अमावस्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात जास्त चढतं, अष्टमीच्या आसपास कमी. अष्टमी-चतुर्दशीला जाऊबाईंचा उपवास. तो शनिवार नेमका वद्य षष्ठीचा निघाला. सकाळी पाणी मागे हटत असणार, मोकळी वाळू मिळणार.

उजाडल्यावर घरूनच खाऊन निघालो. बरोबर गुळाच्या दशम्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, गाळून उकळलेलं पाणी. जानेवारीत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास, म्हणून साडेबाराला परत फिरायचं हे आधीच ठरवलेलं. जेवण चुकायला नको आणि संध्याकाळच्या गर्दीत सापडायला नको.

टॅक्सीत लेक म्हणाली, "मोठी आई, वाळकेश्वरचं आदीश्वराचं मंदिर इथून जवळच आहे. आधी दर्शन करायचं?" मंदिर १९०४ सालचं, प्रसिद्ध. मला वाटलं, जाऊबाई लगेच हो म्हणतील. त्या म्हणाल्या, "दर्शन तर रोज घेते गं. आज समुद्रच बघू दे."

बाई, त्या वाक्याने माझ्या घशात आवंढा आला. आपण बायका सहलीलासुद्धा देवाचं नाव देतो, म्हणजे कुणी विचारायला नको. त्यांना त्या दिवशी ते नाव द्यावंसं वाटलं नाही. आणि त्यात धर्माला उणेपणा आला असं मला तरी वाटत नाही.

वाळूत त्यांची काठी रुतत होती. खेकड्यांची बारीक बिळं चुकवत आम्ही ओल्या, घट्ट वाळूपर्यंत गेलो. त्या पाण्यात उतरल्या नाहीत. तासभर खुर्चीत बसून पाहत राहिल्या. नातीने विचारलं, "आजी, पलीकडे काय आहे?" त्या म्हणाल्या, "दिसत नाही बाळा. म्हणूनच सागरोपम म्हणतात." मी कितीतरी प्रवचनं ऐकली, पण ती संख्या मला त्या क्षणी कळली.

पाचला आम्ही डोंबिवलीत जेवायला बसलो होतो.

मैत्रिणींनो, मुलांकडे मुंबई-पुण्याला जाणाऱ्या आपण पुष्कळजणी नातवंडं सांभाळून परत येतो. पुढच्या वेळी सोबतच्या मोठ्या बाईला एकदा विचारा, तुम्हाला काय पाहायचंय? उत्तर लगेच मिळणार नाही. दोन दिवस थांबा, पुन्हा विचारा. आणि ठरलं की पंचांग उघडून तिथीची पाऊणपट करायला विसरू नका.