उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आई नेहमी म्हणे. कोणाचे लांबलेले लग्न जुळले किंवा रखडलेली नोकरी लागली की ती ही म्हण हमखास वापरी. खऱ्या उकिरड्याचा विचार तिच्या मनात कधी आला असेल, असे वाटत नाही. माझ्याही आला नव्हता. गेल्या हिवाळ्यात आमच्या महिला मंडळाची सहल देवगुराडियाला निघाली, तेव्हा मात्र म्हण आपोआप ओठावर आली.

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. नेमावर रस्त्यावरच्या देवगुराडियाच्या टेकडीवर गुटकेश्वर महादेवाचे प्राचीन देऊळ आहे. अहिल्याबाईंनी त्याचा जीर्णोद्धार केला, असे सांगतात. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. लहानपणी नानांच्या बोटाला धरून मी ती पाहिली आहे. पुढे त्याच परिसरात शहराचा कचरा पडू लागला. त्या जागेला सारे ‘ट्रेंचिंग ग्राउंड’ म्हणत. नाव मोठे भारदस्त, पण होता तो उकिरडाच! यात्रेला जाताना पदर नाकाला लावायचा आणि तोंडाने नामस्मरण चालू ठेवायचे, अशी आमची रीत पडून गेली. उन्हाळ्यात ढिगातून धूर निघे. कोणी पेटवून देते, अशी माझी समजूत होती. खरे कारण निराळे आहे. ओला कचरा हवेवाचून दडपला गेला की आतल्या आत कुजून त्यातून मिथेन वायू निघतो. तो सहज पेट घेतो आणि एकदा लागलेली आग पोटात धुमसत राहते. पावसाचे पाणी ढिगातून झिरपते ते काळे होऊन, क्षार आणि धातू सोबत घेऊन जमिनीत उतरते. असा हा ढीग वाढत वाढत सुमारे १३ लाख टनांचा झाला आणि त्याने १०० एकरांच्या आसपास जमीन व्यापली.

तो उचलायचा कसा? एका जागचा उचलून दुसरीकडे टाकणे म्हणजे पीडा शेजाऱ्याच्या दारात लोटणे. येथे तो चाळला गेला. यंत्रांनी ढीग मोकळा करायचा, त्यावर जिवाणूंचे द्रावण शिंपडायचे, वरचेवर उलथापालथ करून त्याला हवा द्यायची. मग तो तापतो, वाळतो, त्याचा आकार उतरतो आणि दुर्गंधी मरते. त्यानंतर लहानमोठ्या छिद्रांच्या, पिंपासारख्या गरगर फिरणाऱ्या चाळण्या. प्लॅस्टिक आणि चिंध्या सिमेंटच्या भट्ट्यांकडे जळणासाठी, दगडविटा खड्डे भरायला आणि खाली उरेल ती माती. आपल्या चाळण-सुपाचाच हा प्रकार. प्रमाण तेवढे अवाढव्य. सुरुवातीला काम रेंगाळत होते. मग २०१८ मध्ये महापालिकेने यंत्रे भाड्याने घेऊन दोन पाळ्यांत काम स्वतःच चालवले आणि ते वर्ष संपेपर्यंत ढीग नाहीसा झाला. ठेक्याने दिले असते तर साठ कोटींहून अधिक खर्च आला असता. तो दहा कोटींच्या आत भागला. सरकारी कामाबद्दल असे लिहिण्याची सवय नसल्याने ही वाक्ये लिहिताना माझी लेखणी जरा अडखळली, हे कबूल करते.

आता तिथे झाडे लागली आहेत. मंडळातल्या एका वहिनींनी लगेच विचारले, “ही माती कुंड्यांत घातली तर?” बरोबरच्या अधिकाऱ्यांनी हसून नको म्हटले. त्या कचऱ्यात बॅटऱ्यांपासून रंगांच्या डब्यांपर्यंत सारे मिसळलेले होते. चाळणी धातूचा अंश वेगळा करू शकत नाही. झाडांना ती माती चालेल, मेथी-पालकाला नाही. आणि जमिनीखाली जे पाणी उतरून गेले, ते ढीग हलवल्याने एका दिवसात निवळत नाही. नवे विष उतरणे थांबले, इतकेच.

जवळच कचरा वेगळा करण्याची शेड आहे. पूर्वी त्या ढिगावर वेचणी करणाऱ्यांपैकी अनेकांना अशा कामावर घेतले गेले. एक पन्नाशीची बाई पट्ट्यावरून सरकणारे प्लॅस्टिक निवडत होती. मी बोलायला थांबले. तिने हातमोजा काढून तळवा दाखवला. अंगठ्याखालून मनगटापर्यंत पांढरी वळ उठलेली होती. ढिगावर असताना पिशवीत हात घातला, वरती भाजीची साले होती, खाली काच होती, असे ती म्हणाली. तक्रार करीत नव्हती. पाऊस पडला होता असे सांगावे, तसे सांगत होती.

माझ्या डोळ्यांपुढे आमचे स्वयंपाकघर आले. फुटकी काच घरात ठेवू नये, हा आईचा कडक नियम. लोणच्याची बरणी फुटली, आरसा तडकला, की तुकडे तिन्हीसांजेच्या आत बाहेर गेलेच पाहिजेत. सोवळे-ओवळे इतके, की कचरा नेणाऱ्या बाईला ती पाणीसुद्धा वरून ओतून देई. आई गेल्यावर सोवळे सुटले, पण काचेचा नियम मी चालवला. हाताला लागू नये म्हणून तुकडे भाजीच्या सालांत नीट दडपायचे, पिशवीला गाठ मारायची आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून यायचे. हात कोणाचा, हा प्रश्न मला तीस वर्षांत पडला नाही.

ती पिशवी माझीच होती, असे कोण म्हणेल? नव्हती, असे तरी कोण म्हणेल?

मी तिला काही बोलले नाही. तिने हातमोजा चढवला आणि पुन्हा पट्ट्याकडे वळली.

आता आमच्या गल्लीत सकाळी गाणे वाजवीत गाडी येते. तिला ओल्या-सुक्याचे, आणखीही निरनिराळे कप्पे असतात. ओला कचरा त्याच देवगुराडियाला जातो. तिथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या कारखान्यात रोज ५५० टनांपर्यंत ओल्या कचऱ्यापासून वायू काढण्याची सोय आहे आणि त्यावर शहराच्या बसगाड्या चालतात. सहलीहून परतल्यावर चारच दिवसांनी सूनबाईच्या हातून काचेचा पेला फुटला. “आई, सालांच्या पिशवीत टाकते,” ती म्हणाली. मी तिला थांबवले. जुने वर्तमानपत्र घेतले, तुकडे त्यात गुंडाळून दोरा बांधला आणि वर लाल पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत हिंदीत ‘कांच’ असे लिहिले. तिन्हीसांज झाली होती. गाडी सकाळी यायची होती. पुडके रात्रभर घरातच राहिले.