दोघांनीच काढलेला एक दिवस

लिंबागणेशहून पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की नायगावचं मयूर अभयारण्य फार लांब नाही. बालाघाटाच्या डोंगरातला जवळपास ३० चौरस किलोमीटरचा हा पट्टा १९९४ पासून मोरांसाठी राखून ठेवलेला आहे. बाहेरगावचे लोक येऊन बघून जातात. आमच्या घरातलं मात्र कुणी कधी गेलं नव्हतं. "मोर काय, आपल्या शेतातच दिसतात," असं अब्बांचं म्हणणं.

आम्ही राहतो बीडला. सप्टेंबरच्या शेवटी सुट्टीचे चार दिवस मिळाले तेव्हा गावी आलो आणि मुलांना अम्मींकडे ठेवून दोघांनीच जायचं ठरवलं. लग्नाला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं बाहेर पडलो ते लग्नाला, मय्यतीला आणि दवाखान्यात. शेजारच्या खालांनी विचारलंच, "मुलांना सोडून? दोघंच?" अम्मी म्हणाल्या, "जाऊ द्या, संध्याकाळी येतील की."

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रवासात सोबत्यांना पुढे जायला सांगितलं आणि हजरत आयेशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली, ही हदीस आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्यांदा आयेशा जिंकल्या. पुढे पुन्हा धावले तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि हसून म्हणाले की ही त्या दिवसाची परतफेड. निकाहच्या बयानात आपण हे ऐकतो, मान डोलावतो आणि जेवायला उठतो.

मोटारसायकल खाली लावून पायवाटेनं चढलो. बोरी, बाभळी, मधे सीताफळीची झाडं, आणि कमरेएवढं गवत. तरवड पिवळाधमक फुललेला. मोर सात दिसले, पण पिसाऱ्याविना. पावसाळा सरत आला की मोर पिसं टाकून देतात, त्यामुळे या दिवसांत नर ओळखायचा तो निळ्या मानेवरून. नाच बघायचा असेल तर पावसाच्या सुरुवातीला जावं.

बुरख्यात डोंगर कसा चढणार, ही काळजी आम्हाला नाही, इतरांना होती. खाली बूट असले की काही अडत नाही. त्रास दिला तो कुसळांनी, आणि त्यांनी बुरखा आणि पँट असा भेद केला नाही. शेवटी एका खडकावर बसून एकमेकांच्या कपड्यांतली कुसळं वेचत बसलो. अर्धा तास तरी गेला असेल. त्या अर्ध्या तासात दम्मामच्या नोकरीचा विषय निघाला. दोन वर्षांचा करार, पगार इथल्या तिप्पट, आणि एजंटाला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. घरात हा विषय निघाला की मामू, चाचा, भाऊ सगळे बोलतात; आमचं दोघांचं बोलणं राहून जातं. तिथं मोरांखेरीज कुणी ऐकायला नव्हतं. घराचे हप्ते किती उरलेत, धाकट्याला बाप फोनवरच ओळखावा लागेल का, एकटीनं सगळं ओढायचं तर किती दिवस, हे सगळं मोकळेपणानं बोललो.

जोहरची वेळ झाली. एका बाटलीत दोघांचं वुजू झालं. अंतर कसरचं नव्हतं, त्यामुळे चारही रकात, एक पुढे आणि एक मागे अशी दोघांचीच जमात.

जेवायला रस्त्यावरच्या ढाब्यावर आलो. मटण कुठून आणता, असं सरळ विचारलं. मालक म्हणाले, "आणतो पाटोद्याहून तुमच्याच खाटकाकडून, पण आज शेवभाजी घ्या, चुलीवर आताच उतरलीय." शेवभाजी, बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. अशा जेवणाला आणखी काय लागतं!

जेवताना आणखी एक हदीस आठवली. प्रेषितांचा (स.) एक पारशी शेजारी रस्सा फार छान करायचा. त्यानं जेवायला बोलावलं तर प्रेषितांनी (स.) आयेशांकडे बोट करून विचारलं, ह्यासुद्धा? तो नाही म्हणाला, तर हेही नाही म्हणाले. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तो हो म्हणाला, तेव्हा दोघं मिळून गेले.

शेजारच्या बाजेवर एक ऊसतोड जोडपं मुकादमाची वाट बघत चहा पीत होतं. आमच्या जिल्ह्यात अशा जोडीला 'कोयता' म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचलही जोडीला मिळून, आणि एकटा असेल तर तो अर्धा कोयता. त्या बाईंनी आमच्याकडे बघून विचारलं, "फिराया आलाव?" हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "आमी बी जोडीनंच असतो, सहा महिनं. पर असं बसून जेवलाव न्हाई कवा." आम्ही त्यांच्यासाठी दोन ताटं सांगितली. आधी नको नको झालं, मग चौघं एकाच बाजेवर बसलो. मुकादम उशिरा आला, हे बरंच झालं.

परतताना गाव ओलांडून मांजरसुंब्याला गेलो आणि मुलांसाठी तिथली रबडी बांधून घेतली. सोमवारी एजंटाला नाही म्हणून कळवलं. हप्ते आहेतच; शनिवार-रविवारचं एक काम बघितलंय, इन्शाअल्लाह निभेल.

त्या रात्री रबडी वाटताना अम्मींनी विचारलं, "किती मोर दिसले?" सात म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग अब्बांकडे न बघता म्हणाल्या, "आम्हाला चाळीस वर्षांत कुणी नेलं नाही." पुढच्या रविवारी रिक्षा सांगितली आहे, त्या दोघांसाठीच. मुलं आमच्याकडे. अब्बा अजून म्हणतायत, शेतात दिसतात की मोर. पण बूट काल त्यांनी स्वतःच पुसून ठेवले.