रात्री सुकाणू कुणी धरायचं?

तुमच्यापैकी समुद्र किती जणांनी पाहिलाय? आपल्या हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न वर्गात विचारला तर फार हात वर येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होतो. आपल्याकडे पाणी म्हणजे कयाधू नदी, पूर्णेवरचं सिद्धेश्वर धरण, नाहीतर गावचा पाझर तलाव. त्यामुळे माझ्या आठवीतल्या भाचीनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शिडाची होडी करायचं ठरवलं तेव्हा घरातले सगळे हसले. हसले नाहीत ते फक्त तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वसमत तालुक्यात त्यांनी जन्मभर हळद पिकवली.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते अभिलाष टॉमी या नौदलाच्या अधिकाऱ्याची गोष्ट वाचून. १ नोव्हेंबर २०१२ ला ते ‘म्हादेई’ नावाची शिडाची नौका घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ ला परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या आधी त्याच नौकेतून आपले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं जगाला फेरी मारून आले होते, पण चार बंदरांत थांबत. ‘म्हादेई’ बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. आणि भारतीय माणसानं एकट्यानं जग फिरून यावं हा ध्यास ज्यांनी घेतला, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहायचे फलटणजवळच्या विंचुर्णी गावात. तिथंही समुद्र नाही बरं का!

तर गोष्ट वाचून झाली आणि भाचीनं विचारलं, “मामा, हा माणूस एकटाच होता ना? मग रात्री झोपला की होडी कोण चालवायचं?”

मी सहज बोलून गेलो, “ऑटो असतं त्याला.”

अण्णा बाजेवर पडले होते. ऑटो शब्द ऐकला आणि उठून बसले.

शेतकऱ्यांच्या मुलांना ‘ऑटो’ म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. शेतीची लाईट रात्री-बेरात्री येते. लाईट आली की मोटार चालू करायला विहिरीवर जावं लागतं. स्टार्टरला ऑटोची छोटी पेटी जोडली की लाईट आली, मोटार आपोआप चालू! म्हणजे शेतकरी झोपायला मोकळा. (सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होऊन डीपी जळतो, म्हणून वीजवाले ऑटो लावू नका म्हणतात, ती गोष्ट वेगळी.)

“ऑटोच्या भरवशावर एकदा झोपलो होतो मी,” अण्णा म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. मी तेव्हा शिकायला बाहेर होतो. अण्णा दोन रात्री सलग हळदीला पाणी देऊन थकले होते. तिसऱ्या रात्री त्यांनी ऑटो लावला आणि घरी झोपले. लाईट आली, मोटार चालू झाली, ऑटोनं आपलं काम चोख केलं. पण दंडाला घुशीनं बीळ पाडलं होतं. दंड फुटला आणि रात्रभर पाणी गेलं ते शेजारच्या खळ्यात. तिथं ज्वारीच्या कणसांची रास पडली होती. सकाळी शेजारचे काका काही बोलले नाहीत. अण्णांनी त्यांना दोन पोती ज्वारी नेऊन दिली, तीही त्यांनी मुकाट ठेवून घेतली. “बोलले असते तर बरं झालं असतं,” अण्णा म्हणाले. “तवापासून ऑटो लावला तरी मी रानातच झोपायचो. तासातासाला गजर.”

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आबा, समुद्रावरचा ऑटो कसा असतो ते बघू.”

आणि आम्ही शोधायला लागलो.

विजेवर चालणारा ऑटोपायलट असतो. तो होकायंत्र पाहून सुकाणू हलवतो. पण त्याला सतत वीज लागते आणि छोट्या होडीत वीज म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यातलं पाणी, मोजून वापरायची. दुसरा प्रकार मात्र आम्हाला फार आवडला. त्याला वीजच लागत नाही! तो वाऱ्यावर चालतो. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही वातकुक्कुट पाहिला असेल. वारा कुठूनही येवो, कोंबड्याचं तोंड वाऱ्याकडे. हाच कोंबडा होडीच्या पाठीमागे बसवायचा आणि सुकाणूला जोडायचा. खलाशी त्याला विंडवेन म्हणतात. वाऱ्याशी ठरावीक कोन धरून होडी चालली आहे, तोवर कोंबडा गप्प. होडीचं नाक जरा वळलं की कोंबडा आणि होडी यांच्यातला कोन बदलतो, कोंबडा सुकाणू फिरवतो आणि नाक पुन्हा जागेवर येतं.

वाचायला सोपं वाटलं ना? आम्हालाही वाटलं होतं!

पांगाऱ्याच्या लाकडाची हातभर होडी केली. तळाला वजनासाठी लोखंडी पट्टी, शिडाला जुन्या छत्रीचं कापड. कोंबड्यासाठी अण्णांच्या गुडघ्याची एक्स-रे फिल्म कापली. आस म्हणून सायकलचा आरा घेतला आणि तो फिरावा म्हणून बॉलपेनची रिकामी रिफिल. कोंबडा आणि सुकाणू एकाच आऱ्यावर पक्के बसवले आणि होडी तलावात सोडली. होडी गर्रकन फिरली. पुन्हा सोडली, पुन्हा गर्रकन.

चूक कुठं होती ते समजायला आम्हाला आठवडा लागला. तुम्ही कागदावर होडी काढून पाहा. समजा, नाक उत्तरेला आहे आणि वारा पश्चिमेकडून येतो आहे. होडी डावीकडे वळली, तर होडीतून पाहणाऱ्याला कोंबडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरलेला दिसेल. होडीला परत उजवीकडे आणायचं, तर सुकाणू काट्यांच्या उलट फिरायला हवं. म्हणजे कोंबडा एकीकडे फिरला की सुकाणू दुसरीकडे! आम्ही दोन्ही एकाच आऱ्यावर बसवल्यामुळे चूक दुरुस्त व्हायच्या ऐवजी वाढत होती. मग दोन वेगळे आरे घेतले, दोन्हींना एकमेकांकडे तोंड केलेले तारेचे हात जोडले आणि एकाच्या टोकाची खीळ दुसऱ्याच्या खाचेत अडकवली. एकमेकांत गुंतलेली दोन दातेरी चाकं उलटसुलट फिरतात ना, तसं झालं.

खऱ्या होडीत मात्र एवढ्यानं भागत नाही. पाण्यातलं जड सुकाणू फिरवायला जोर लागतो आणि कोंबड्यात तेवढा जोर नसतो. मग तो आणायचा कुठून? इथं खरी निवड करावी लागते. एक उपाय म्हणजे मोठं सुकाणू बांधून ठेवायचं आणि कोंबड्यासाठी पाठीमागे एक वेगळं, लहान सुकाणू लावायचं. मोठं मोडलं तर हे लहान कामाला येतं, हा त्याचा मोठाच फायदा. दुसरा उपाय म्हणजे सुकाणूच्या मागच्या कडेला एक छोटी झडप लावायची. झडप वळली की पाण्याचा दाब सुकाणूला वळवतो. तिसरा उपाय माझ्या मते सगळ्यात हुशारीचा. होडीच्या पाठीमागे एक पातं पाण्यात लोंबकळत सोडायचं. कोंबडा त्याला फक्त किंचित पीळ देतो. होडी चालत असल्यानं वाहतं पाणी त्या तिरप्या पात्याला जोरात बाजूला ढकलतं, आणि पात्याला बांधलेले दोर सुकाणूचा दांडा ओढतात. (एस.टी.च्या खिडकीबाहेर हात काढू नये असं लिहिलेलं असतं आणि काढूही नये. पण तळवा जरा तिरपा केला की वारा हात कसा वर उडवतो, हे आमच्या पिढीतल्या बहुतेकांना ठाऊक आहे.) म्हणजे डोकं कोंबड्याचं आणि ताकद पाण्याची. होडी जितकी वेगात तितका जोर जास्त.

हे पातं ब्लाँडी हॅस्लर या इंग्रज माणसाच्या डोक्यातून आलं. १९६० साली अटलांटिक महासागर एकट्यानं ओलांडायची पहिली शर्यत झाली, तिच्यात फ्रान्सिस चिचेस्टर पहिले आले आणि हॅस्लर दुसरे. चिचेस्टरांनी आपल्या विंडवेनचं नाव मिरांडा ठेवलं होतं. एकट्या माणसाला कुणाला तरी हाक मारावीशी वाटतच असणार.

मग सगळ्यांनी तिसराच प्रकार घ्यावा का? नाही. होडी पाहून ठरवावं लागतं. सुकाणूला साधा दांडा असेल तर पातं सोयीचं. मोटारीसारखं चाक असेल तर दोर लांबून फिरवून आणावे लागतात, ते घासतात, सैल पडतात. तिथं वेगळं लहान सुकाणू बरं. दोन डोलकाठ्यांची होडी असेल तर मागच्या शिडाचा वासा कोंबड्यावर आदळतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ‘सुहैली’ची हीच अडचण होती. ही बत्तीस फुटांची सागवानी होडी आपल्या मुंबईत बांधलेली. त्यांनी डाव्या-उजव्या बाजूंना एकेक असे दोन कोंबडे बसवले. ते वाटेत मोडत राहिले आणि ऑस्ट्रेलियाजवळ कायमचे निकामी झाले. मग शिडंच अशी बांधायची की होडी आपली आपण सरळ जाईल, असं करत ते घरी पोचले. १४ जून १९६८ ला निघाले होते, २२ एप्रिल १९६९ ला परतले. न थांबता एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले.

त्या प्रवासाची आठवण म्हणून २०१८ मध्ये पुन्हा शर्यत झाली. नियम असा की १९६८ मध्ये नव्हतं ते वापरायचं नाही. म्हणजे विजेचा ऑटोपायलट नाही, विंडवेनच. अठरा जण निघाले, पाचच पूर्ण करू शकले. माघार घेणाऱ्यांपैकी काहींची विंडवेनच मोडली होती. टॉमीही त्या शर्यतीत होते, गोव्यातच ‘सुहैली’सारखी बांधलेली ‘तुरिया’ घेऊन. २१ सप्टेंबर २०१८ ला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर वादळात त्यांच्या डोलकाठ्या मोडल्या आणि पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. हलताही येत नव्हतं. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. पुढं पाठीत धातूच्या सळया बसवल्या. आणि हा माणूस २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरला! त्या वेळी विंडवेनचे भाग मोडले तेव्हा होडीतल्या संडासाचं दार कापून त्यांनी सुटे भाग केले. २९ एप्रिल २०२३ ला, २३६ दिवसांनी, ते दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. हे ऐकून भाची जोरात ओरडली, ते वेगळं सांगायला नको.

“पण विंडवेनला समोरचं जहाज दिसतं का?” अण्णांनी विचारलं.

नाही दिसत. म्हणून एकटा खलाशी थोडी झोप काढतो, गजर झाला की उठून चारी बाजू पाहतो आणि पुन्हा पडतो. जहाजांची वर्दळ असेल तिथं तर वीस-वीस मिनिटांनी.

“म्हंजे तासाचं नाही चालत,” अण्णा म्हणाले.

आणखी एक गोष्ट विंडवेनला कळत नाही. ती धरते वाऱ्याशी कोन, होकायंत्राची दिशा नाही. ही आम्हाला पुस्तकातून समजली होती, पण पटली तलावावर. एका रविवारी आम्ही तिघं गेलो. (मुलांनो, पाण्यावर जाताना मोठं माणूस बरोबर हवंच. शेततळ्यावर तर होडी सोडायला मुळीच जाऊ नका. तिथल्या प्लास्टिकवर पाय घसरला की वर येता येत नाही.) होडी दोनदा या काठावरून त्या काठावर अगदी रेघ मारल्यासारखी गेली. तिसऱ्यांदा सोडली तेव्हा दिवस कलला होता. होडी निम्म्यात गेली आणि हळूहळू डावीकडे वळायला लागली. गिरकी नाही, डगमग नाही. ऐटीत वळत वळत ती काठाच्या बेशरमाच्या झुडपात जाऊन अडकली.

भाचीचं तोंड एवढंसं झालं. “मामा, परत बिघडली.”

अण्णांनी खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि हवेत सोडली. खळ्यावर उपणायच्या आधी ते असंच करायचे. माती मघापेक्षा वेगळ्याच बाजूला उडाली.

“वारं फिरलं की गं,” ते म्हणाले. “तिनं आपलं काम बरोबर केलं. तिला काय ठावं, पुढं झुडूप हाय.”

मग त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि मी नको नको म्हणत असताना काठी घेऊन काठाकाठानं होडी काढायला निघाले.